विनानोंदणी घरं विकली तर शिक्षा कोणाला?

"आमची कंपनी रेरा रजिस्टर्ड आहे." साइट ऑफिसमधला सेल्सचा माणूस हे वाक्य ठासून सांगतो आणि घर बघायला आलेलं कुटुंब निर्धास्त होतं. या वाक्यात मोठी गफलत आहे. रेरा कायद्याखाली बिल्डरची कंपनी नोंदवली जात नाही, प्रकल्प नोंदवला जातो. एकाच बिल्डरच्या तीन प्रकल्पांना तीन वेगळे क्रमांक मिळतात. मोठी वसाहत टप्प्याटप्प्याने उभी राहत असेल तर कायदा प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र प्रकल्प मानतो आणि त्याची नोंदणीही स्वतंत्र लागते. समजा, पहिल्या टप्प्यातल्या 'ए' आणि 'बी' विंगची नोंदणी झाली आहे आणि 'सी' विंग पुढच्या टप्प्यात आहे. अशा वेळी 'सी'मधल्या फ्लॅटसाठी आज टोकन घेणं हा कायद्याचा भंग आहे, मग शेजारच्या दोन विंगची कागदपत्रं कितीही चोख असोत.

हा भंग करणाऱ्याला शिक्षा काय होते, ती कोण देतं आणि दंडाचा पैसा कुठे जातो, हे घर घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं. आयुष्यभराची पुंजी आणि वर त्यापेक्षा मोठं कर्ज एका करारावर लावताना हे माहीत असायलाच हवं.

कायदा कसा आला

महाराष्ट्रात फ्लॅटविक्रीवर पहिला मोठा लगाम १९६३ साली आला, 'मोफा' म्हणजे महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा कायदा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरने २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ नये, ही अट त्यातलीच. कायद्यात तुरुंगवासाचीही तरतूद होती. पण तक्रार पोलिसात नाहीतर कोर्टात न्यावी लागे. प्रकल्प सुरू होण्याआधीच बिल्डरची कागदपत्रं तपासून लोकांसमोर ठेवणारी यंत्रणा त्यात नव्हती.

ती यंत्रणा केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने आली. यालाच आपण रेरा म्हणतो. मार्च २०१६ मध्ये संसदेने तो मंजूर केला. काही कलमं १ मे २०१६ पासून लागू झाली आणि नोंदणीचं महत्त्वाचं कलम १ मे २०१७ पासून. त्याआधीच, मार्च २०१७ मध्ये, महाराष्ट्रात महारेरा प्राधिकरण स्थापन झालं. ज्या इमारतींचं काम चालू होतं आणि ज्यांना पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नव्हता, त्यांच्या बिल्डरांना नोंदणीसाठी तीन महिने दिले गेले. जुन्या प्रकल्पांना नवा कायदा कसा लावता, असं म्हणत बिल्डर कोर्टात गेले. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो चालू प्रकल्पांना लागू होतो यावर शिक्कामोर्तब केलं.

गुन्हा नेमका कुठे घडतो

नोंदणीशिवाय बांधणं आणि नोंदणीशिवाय विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी घर बांधणाऱ्याला रेराची नोंदणी लागत नाही, त्याला नगरपालिकेची किंवा इतर नियोजन प्राधिकरणाची बांधकाम परवानगी लागते. रेराचा संबंध येतो तो विक्रीशी. कायद्याचं तिसरं कलम सांगतं की नोंदणी होण्याआधी प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, जाहिरात करायची नाही, मार्केटिंग करायचं नाही, बुकिंग घ्यायचं नाही, विकायचं नाही, विकायला काढायचं नाही आणि कोणत्याही प्रकारे लोकांना खरेदीचं आमंत्रण द्यायचं नाही. हे प्लॉटलाही लागू आहे. म्हणून गावाबाहेर चुन्याच्या रेघा मारून 'बंगलो प्लॉट' विकणाराही यातून सुटत नाही.

'कोणत्याही प्रकारे' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. 'प्री-लाँच ऑफर, फक्त जवळच्या ग्राहकांसाठी', 'फक्त स्वारस्यपत्र भरा, चेक नंतर वटवू', 'अजून रेरा नंबर आला नाही म्हणून भाव कमी आहे, आला की वाढेल' असे निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतात. नोंदणीआधी पाठवलेला असा प्रत्येक निरोप हे खरेदीचं आमंत्रणच आहे. स्वस्त भावाचं जे कारण त्यात दिलेलं असतं, तोच कायद्याच्या भंगाचा पुरावा ठरतो.

काही प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. विकसित करायची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सगळे टप्पे धरून सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी लागत नाही. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यामुळे पाच गुंठ्यांची जमीनसुद्धा ५०० मीटरची रेषा जेमतेम ओलांडते. पुनर्विकासात नव्याने विक्री होणार नसेल तर सूट मिळते. पण जुन्या सभासदांना घरं देऊन उरलेले फ्लॅट बाजारात विकायचे असतील, तर नोंदणी करावीच लागते.

दंडाचं गणित

नोंदणी न करता विक्री केल्याची शिक्षा ५९ व्या कलमात आहे. प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड. हा खर्च म्हणजे फक्त विटा-सिमेंटचा नव्हे. जमिनीची किंमत, कर, अधिभार आणि विकास शुल्क धरून होणारा एकूण खर्च कायद्याला अपेक्षित आहे. प्रकल्प २० कोटींचा असेल तर दंड २ कोटींपर्यंत जाऊ शकतो. एवढं होऊनही प्रवर्तकाने आदेश पाळला नाही किंवा विनानोंदणी विक्री चालूच ठेवली, तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा आणखी १० टक्क्यांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुरुंगवास मात्र महारेरा स्वतः सुनावू शकत नाही. त्यासाठी प्राधिकरणाला न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात लेखी तक्रार करावी लागते.

नोंदणी केली, पण अर्जात खोटी माहिती दिली, तर ६० व्या कलमाखाली ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. कायद्यातलं इतर बंधन मोडलं, तर ६१ व्या कलमाखाली पुन्हा ५ टक्क्यांपर्यंत. प्राधिकरणाचा आदेश धाब्यावर बसवला, तर रोजच्या हिशेबाने दंड वाढत जातो आणि तोही ५ टक्क्यांपर्यंत पोहोचू शकतो. अपील न्यायाधिकरणाचा आदेश मोडणाऱ्याला तर तुरुंगवासही होऊ शकतो.

एजंटही या जाळ्यात आहे. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर त्याने विकून दिलं किंवा स्वतःची नोंदणी न करता दलाली केली, तर दररोज १०,००० रुपये दंड होतो. त्याची कमाल मर्यादा त्या घराच्या किमतीच्या ५ टक्के. ६० लाखांच्या फ्लॅटसाठी ही मर्यादा ३ लाख होते, म्हणजे अवघ्या ३० दिवसांत ती गाठली जाते. त्यामुळे एजंटला त्याचा नोंदणी क्रमांक विचारताना संकोच वाटायचं कारण नाही.

जाहिरातींवर महारेराची वेगळी नजर असते. ऑगस्ट २०२३ पासून नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालं आणि तो नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला गेला. मोबाइल समोर धरला की प्रकल्पाचं पान उघडतं. क्यूआर कोड नसलेलं होर्डिंग दिसलं की तिथेच पहिली शंका यायला हवी.

दंडाचा पैसा घर घेणाऱ्याला मिळत नाही

समजा, विनानोंदणी प्रकल्पात तुम्ही ८ लाख रुपये अडकवले आणि महारेराने बिल्डरला १ कोटी दंड केला. त्या कोटीतला एक रुपयाही तुमच्या खात्यात येत नाही. दंडाची रक्कम राज्य सरकारकडे जमा होते. दंड ही बिल्डरची शिक्षा आहे, तुमची भरपाई नाही. भरपाईसाठी तुम्हाला स्वतंत्र मागणी करावी लागते आणि तिचे मार्ग वेगळ्या कलमांत आहेत.

त्यातलं सर्वात उपयोगी कलम अठरावं. करारात दिलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर घर घेणाऱ्यापुढे दोन पर्याय असतात. प्रकल्पातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह परत मागायची, नाहीतर घर हवंच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्यायचं. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर या कर्जाच्या पायाभूत दरापेक्षा २ टक्के जास्त दराने धरतात. उदाहरणादाखल हा दर ११ टक्के धरला आणि तुम्ही ४० लाख भरले असतील, तर वर्षाचं व्याज ४ लाख ४० हजार होतं, म्हणजे महिन्याला साधारण ३६,७०० रुपये. एका बाजूला घरभाडं आणि दुसऱ्या बाजूला कर्जाचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबाला या रकमेचं मोल सांगावं लागत नाही. जमिनीच्या मालकीतच खोट निघाली तर त्याची भरपाई वेगळी मागता येते आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही.

आदेश मिळाला तरी पैसे हाती येणं ही पुढची पायरी आहे. बिल्डरने पैसे दिले नाहीत तर महारेरा वसुली वॉरंट काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते. मग ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे तहसीलदार मालमत्ता जप्त करून तिचा लिलाव करू शकतात. पण लिलावात काढण्याजोगी मालमत्ता बिल्डरच्या नावावर उरलेली असली पाहिजे. अनेक आदेश इथेच येऊन अडकतात आणि घर घेणारे तहसील कार्यालयाचे उंबरठे झिजवत राहतात.

शिक्षेचा फायदा ग्राहकाला कसा मिळावा, हा प्रश्न अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने निराळ्या पद्धतीने सोडवला आहे. तिथे परवाना प्रकल्पाला नसतो, बांधकाम करणाऱ्या कंत्राटदाराला असतो आणि तो राज्याचं कंत्राटदार परवाना मंडळ देतं. २०२५ पासून १,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला परवाना लागतो. ही मर्यादा आधी ५०० डॉलर होती. विनापरवाना काम केलं तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण तिथल्या कंत्राटदारांना या दंडाहून जास्त धाक आहे तो दुसऱ्या एका तरतुदीचा. परवाना नसलेल्याला कामाचे पैसे मागण्यासाठी कोर्टात जाता येत नाही. शिवाय ग्राहकाने जे पैसे दिले असतील ते सगळे परत मागण्याचा हक्क ग्राहकाला असतो, काम उत्तम झालं असलं तरी. शिक्षेचा लाभ थेट ज्याचं नुकसान होण्याची भीती होती त्याला मिळतो. आपल्या कायद्यात हे सूत्र यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. विनानोंदणी प्रकल्पात घेतलेली प्रत्येक रक्कम मागताक्षणी व्याजासह परत करावी लागेल, अशी थेट तरतूद झाली तर प्री-लाँचचा बाजार आपोआप आवळला जाईल.

बांधकामाची परवानगी हा वेगळा कागद

रेराचा क्रमांक म्हणजे इमारत कायदेशीर आहे याची हमी नव्हे. इमारतीला आधार असतो नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीचा. काम सुरू करायला सीसी म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र लागतं आणि राहायला जाण्याआधी ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. परवानगीशिवाय बांधणाऱ्याला १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. पण दंडाची कमाल रक्कम आहे ५,००० रुपये. कोट्यवधींच्या बांधकामाला हा आकडा कुठेच पुरत नाही. खरा दंड बसतो तो इमारत पाडण्याच्या आदेशाने आणि त्या वेळी इमारतीत बिल्डर राहत नसतो.

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडचं उदाहरण मुंबईकरांना चांगलंच आठवत असेल. १९८० च्या दशकात तिथे पाच मजल्यांची परवानगी असताना मिडटाउन ही इमारत २० मजल्यांपर्यंत आणि ऑर्किड १७ मजल्यांपर्यंत गेली. महापालिकेने नोटिसा काढल्या, काम चालूच राहिलं, फ्लॅट विकले गेले, माणसं राहायला आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा मजल्यांविरुद्ध निर्णय दिला, तेव्हा मुलंबाळं वाढवलेली घरं सोडण्याची पाळी आली ती रहिवाशांवर. पिंपरी-चिंचवडमध्येही तेच घडलं. अनधिकृत बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागली आणि ती भरावी लागली तिथे राहणाऱ्यांना. वर्षानुवर्षं आंदोलनं झाल्यावर २०२३ मध्ये राज्य सरकारने ही थकबाकी माफ केली.

कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींच्या प्रकरणाने तर नोंदणीच्या यंत्रणेलाच हादरा दिला. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून, त्या अर्जासोबत जोडून महारेराची नोंदणी मिळवली गेली. क्रमांक खरा होता, पण ज्या कागदावर तो उभा होता तो खोटा होता. लोकांनी क्रमांक बघितला, बँकेचं कर्ज काढलं, घरं घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. या घोटाळ्यानंतर स्थानिक संस्थेकडून परवानगीची खातरजमा करून मगच नोंदणी देण्याची पद्धत महारेराने आणली. ती त्या रहिवाशांसाठी उशिरा आली, पण पुढच्यांसाठी आवश्यक होती.

परवानगीचा कागद ही नुसती कायद्याची औपचारिकता नाही, त्यात माणसांचा जीव गुंतलेला असतो. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ भागात परवानगी नसलेली एक इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं गेली. त्यात मजूर होते आणि त्यांची लेकरंही होती.

टोकन देण्याआधी

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव किंवा क्रमांक टाकला की त्याचं पान उघडतं. तिथे चार गोष्टी बघाव्यात. आपण घेतोय ती विंग आणि तो मजला या नोंदणीत खरोखर आहे का? सीसी कितव्या मजल्यापर्यंतची आहे? अनेकदा नोंदणी २२ मजल्यांची असते आणि सीसी १० मजल्यांपर्यंतचीच. प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख कोणती आणि ती कितीदा पुढे ढकलली गेली आहे? नोंदणीची मुदत संपलेली किंवा नोंदणी स्थगित झालेली तर नाही ना? याशिवाय जमिनीच्या हक्काचा वकिली दाखला आणि प्रकल्पावर चालू असलेले दावे तिथेच वाचता येतात. डोंबिवलीचा धडा लक्षात ठेवून सीसीचा क्रमांक टिपून घ्यावा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात तो खरा आहे का, हे विचारून घ्यावं. एक सुट्टी त्यासाठी खर्च झाली तरी चालेल.

पैशांबाबत दोन नियम पाठ असावेत. करार नोंदवल्याशिवाय बिल्डर घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. मोफातली २० टक्क्यांची मर्यादा रेराने निम्म्यावर आणली. दुसरा नियम असा की ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते. ती जमिनीवर आणि बांधकामावरच खर्च करता येते आणि काढताना वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांचे दाखले लागतात. म्हणून चेक प्रकल्पाच्या महारेराकडे नोंदवलेल्या खात्याच्या नावानेच द्यावा. 'अर्धे रोख द्या, अॅग्रीमेंटमध्ये कमी दाखवू' असं कोणी म्हणालं, तर रोख दिलेली रक्कम कायद्याच्या संरक्षणाबाहेर गेली असं समजावं. परतावा मागताना ती सिद्ध करता येत नाही.

ज्यांनी आधीच विनानोंदणी प्रकल्पात पैसे गुंतवले आहेत त्यांनी हात टेकू नयेत. सुरुवातीला महारेराच्या प्रणालीत फक्त नोंदणीकृत प्रकल्पांविरुद्ध तक्रार करता येत होती. २०१८ मध्ये हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि त्यानंतर विनानोंदणी प्रकल्पांविरुद्धही तक्रारीची वाट मोकळी झाली. वैयक्तिक तक्रारीचं शुल्क ५,००० रुपये आहे. पावती, चेकची नोंद, जाहिरातीचं कात्रण, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, अलॉटमेंट लेटर, यातलं जे असेल ते जपून ठेवावं, कारण 'आम्ही विक्री केलीच नाही, फक्त चौकशी घेत होतो' हाच बिल्डरचा पहिला बचाव असतो. तक्रारीत दोन मागण्या स्पष्ट लिहाव्यात: कायद्याच्या भंगाबद्दल दंड आणि आपली रक्कम व्याजासह परत. पहिली मागणी पुढच्या ग्राहकाला वाचवते आणि दुसरी आपल्याला. कायद्यात १० टक्क्यांचा दंड आणि तीन वर्षांची कैद छापलेली आहे. या शिक्षेचा वचक बसतो तो कोणीतरी कागद घेऊन प्राधिकरणाच्या दारात उभं राहिल्यावरच. एका तक्रारदारामुळे त्या प्रकल्पाची विक्री थांबली, तर त्याच्या मागे रांगेत असलेल्या पन्नास कुटुंबांची पुंजी वाचते.